तुझ्या वहिनीला सगळं जमतं

लंडन, 2 नोव्हेंबर 2025

चि. बंडू यास,

तुझी वहिनी वॉकर धरून घरात फिरून राहिली आहे. खुब्याचं हाड जुळलं, पण अंघोळ, जिना आणि मोजे अजून तिच्या हाती लागत नाहीत. माझे गुडघे तुला ठाऊकच आहेत. म्हणून मदतीला बाई मिळावी यासाठी कौन्सिलकडे अर्ज केला. तू फोनवर म्हणालास, "तिकडे सरकार सगळं फुकट देते ना?" तर ऐक.

दवाखाना फुकट. घरी येऊन अंघोळ घालणारी बाई मात्र कौन्सिलच्या खात्यात येते, आणि तिथे खिसा तपासतात. दवाखान्यातून सुटल्यावर सहा आठवड्यांपर्यंत बिनपैशांची मदत मिळते, ती कधीच संपली. त्यापुढे 2014 चा केअर अ‍ॅक्ट. खाणंपिणं, अंघोळ, संडास, कपडे, घर नीट ठेवणं, माणसांत जाणं-येणं अशा दहा गोष्टींची यादी आहे. आजारपणामुळे त्यातल्या दोन तरी जमत नसतील आणि त्यानं जगणं अवघड झालं असेल, तर माणूस पात्र.

तपासणीला एक भल्या बाई आल्या. "स्वयंपाक जमतो का?" तुझी वहिनी पडली नागपूरच्या महालातली. पाहुणीसमोर "जमत नाही" म्हणणं तिच्या माहेरी कुणाला ठाऊक नाही. "सगळं करते मी," म्हणाली, आणि वॉकर सोडून ओट्याला धरत धरत चिवडा काढायला निघाली! मी डोळ्यांनी खुणावून राहिलो, बाई लिहून घेऊन राहिल्या. "जिना?" "चढते की." मी म्हटलं, काल अर्ध्या जिन्यात बसून होतीस ते? तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर लग्नात तिची अब्रू काढली. शेवटी बाईंनीच विचारलं, "दुखतं का? किती वेळ लागतो?" तेव्हा खरं बाहेर आलं. काम झालं तरी फार दुखत असेल किंवा भलताच वेळ लागत असेल, तर इथला कायदा ते "जमत नाही" यातच धरतो. कायदा करणाऱ्यानं वहिनीसारख्या बायका पाहिल्या असाव्यात.

आता पैशांचं. जिला मदत हवी तिच्या नावावर 23,250 पौंडांहून, म्हणजे आपल्या सुमारे 27 लाखांहून जास्त असेल, तर खर्च तिचा तिनं करायचा. राहतं घर मोजत नाहीत. परदेशातली मालमत्ता मात्र मोजतात, आणि इथेच नागपुरातल्या हुडकेश्वरचा प्लॉट आडवा आला! वहिनीच्या नावावरचा तोच, ज्यावर शेजाऱ्याची गिट्टी पडलेली असते. फॉर्मात त्याचा बाजारभाव मागितला आहे. तू तर दर दिवाळीला तो भाव पाच लाखांनी वाढवून सांगतोस. तुझा आकडा लिहिला, तर मदतनीस सोड, कौन्सिल आमच्याकडेच वर्गणी मागायला येईल.

"प्लॉट घरातल्या पिंट्याच्या नावावर करून टाक" हा तुझा सल्लाही तपासला. खर्च टाळायला दिलेली मालमत्ता इथे दिलीच नाही असं धरून मोजतात. ही युक्ती त्यांना आपल्या आधी सुचलेली आहे, बापा.

अटेंडन्स अलाउन्स मात्र ना बचत पाहतो ना उत्पन्न. 2025-26 साली आठवड्याला 73.90 किंवा 110.40 पौंड. सहा महिने मदत लागलेली असावी, ही अट आता पूर्ण झाली. तो जाडजूड फॉर्म मीच भरला. वहिनीला भरू दिला असता, तर पानोपानी "देवाच्या कृपेने ठीक" असंच लिहिलं असतं.

तेव्हा आता तुझी कामं. प्लॉटची रजिस्ट्री आणि नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल पत्र यांच्या प्रती पाठव. भाव दलालाकडून नको, रीतसर मूल्यांकन करणाऱ्याकडून घे. आणि तूही सत्तरी ओलांडलीस, तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घे. वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचाराची सोय आहे, उत्पन्नाची अट नाही. त्या कार्डावर घरी अंघोळ घालायला मात्र कुणी येत नाही. ते काम तिकडे अजून सूनबाईच्याच वाट्याला येतं, तेव्हा तिच्या भाजीला नावं ठेवणं आजपासून बंद कर.

तुझा
दादा