वुडनवाले तात्या

मंचर सोडून नारायणगावकडे निघालात की महामार्गाच्या दोन्ही अंगांना शेतात उभे राहिलेले बंगले दिसू लागतात. त्यातल्या दर दुसऱ्या बंगल्यात एक तात्या असतो. कुठे त्याला अण्णा म्हणतात, कुठे बापू, ओतूरकडे नाना, वाण एकच. तुम्ही फाटकातून आत शिरलात की तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. "या, बसा" नंतर येते, आधी येते "चपला तिथंच राहू द्या", आणि तिथंच म्हणजे पोर्चच्या पहिल्या पायरीच्याही अलीकडे. मग तो दार उघडून बाजूला सरकतो. आत देवघर आहे, भिंतभर टीव्ही आहे, पोराच्या लग्नात आमदार आले होते त्याचा फोटो आहे. यातले काहीही बघितलेत तर तात्यांचा चेहरा उतरतो. बघायचे असते खाली.

"वुडन," तात्या हळू आवाजात सांगतात. पोरगी एमबीबीएसला लागली हेही त्यांनी याच आवाजात सांगितले होते.

तात्यांची पैदास बाजारभावावर ठरते. 2023 च्या जुलैत नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या पुढे गेला, तेव्हा जुन्नर तालुक्यात तात्यांचे जे पीक आले तसे पुन्हा येणे नाही. आंबेगावात कांदा-बटाटा हे काम करतो, पण सावकाश. पैसा आला की आधी सोसायटीचे कर्ज फिटते, मग दारात गाडी उभी राहते, मग फरशी. बंगला आधीच असला तरी हरकत नाही. जुनी फरशी उखडता येते.

आणि जुनी फरशी असतेच. जुन्नरला उत्खनन करणारे खापरांवरून काळ ठरवतात. तात्यांच्या घराण्याचा काळ फरशीवरून ठरवावा. आजी शेणाने सारवायची. वडिलांनी शहाबादी आणली. ती आता गोठ्यात आहे आणि गाय तिच्यावर तक्रार न करता बसते. तात्या कर्ते झाले तेव्हा मोझॅक आले, मग कोटा, मग दोन बाय दोनची पांढरी चकचकीत व्हिट्रिफाइड, जिच्यावर पाणी सांडले तर दिसायचे नाही, माणूस सांडला की दिसायचे. दर खेपेला तात्या म्हणाले, "आता परत खर्च नाय." दर खेपेला ते मनापासून म्हणाले.

मधल्या काळात वडिलोपार्जित वाडा उतरवला. त्याच्या सागवानी तुळया, कड्या आणि तक्तपोशी एका व्यापाऱ्याने ट्रक लावून नेली. "जुनं लाकूड," तात्या म्हणाले, "काय करायचंय? नुसती धूळ गळायची अंगावर." व्यापारी घासाघीस न करता पैसे मोजून गेला, तेव्हाच खरे तर तात्यांना शंका यायला हवी होती. बाजार समितीत व्यापाऱ्याची पापणी लवली तरी त्यांना भाव कळतो.

आता वुडनचे. सांगून टाकतो, म्हणजे वाचकाचा गैरसमज नको: ते लाकूड नाही. आठ इंच रुंद आणि चार फूट लांब पाटीच्या आकाराची टाइल आहे. मातीची पाटी, तिच्यावर यंत्राने लाकडाच्या रेषा छापायच्या, वर काचेचा थर द्यायचा आणि बाराशे अंशांच्या भट्टीत भाजायची. म्हणजे आजीच्या पायाखाली माती होती आणि नातवाच्या पायाखालीही मातीच; मधे फक्त भट्टी आणि ओकच्या झाडाचा फोटो. ओक तात्यांनी जन्मात पाहिलेला नाही. साग, ऐन, बाभूळ, जांभूळ ते अंधारात साल चाचपून सांगतील, भीमाशंकरकडचा हिरडाही ओळखतील. पण जांभूळ फिनिश अजून कुणी काढलेले नाही. कॅटलॉगमध्ये ओक असतो, वॉलनट असतो, वेंगे असतो, आणि तात्या ही नावे भाच्यापुतण्यांच्या नावांसारखी घेतात.

फॅशन त्यांना तोंडपाठ असते. मागे गडद कॉफी रंग चालायचा. त्यावर धुळीचा कणन्‌कण उठून दिसायचा आणि या भागात बारा महिने ट्रॅक्टर चालतात, म्हणून तो गेला. मग करडा आला, पुण्याच्या फ्लॅटांतून चाकणमार्गे. तात्यांच्या आईने नमुना बघून "राखुंडी सांडली का रं?" एवढेच विचारले आणि करडा आला त्या वाटेने परत गेला. सध्या फिका, मधाळ रंग, चकाकी अजिबात नाही, पाटी जितकी रुंद तितके घर खानदानी. आणि ज्याला गावाच्या पुढे जायचे आहे तो पाट्या तिरक्या एकमेकींत गुंतवून हेरिंगबोन करतो. आईच्या मते ती चटई आहे आणि चटई बाजारात स्वस्त मिळते.

या सगळ्या विषयात एकच शहाणा प्रश्न मी ऐकला आहे, तो तात्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा. दुकानदार तासभर बोलून दमल्यावर त्या म्हणाल्या, "याच्यावर चिखलाचा पाय उमटंल का?" दुकानदार गप्प झाला.

पण तात्या दुकानावर थांबणारे नव्हेत. ते मोरबीला गेले. गुजरातमधले हे गाव टाइल्सवर जगते, कारखान्याला लागून कारखाना. तिथून जाऊन आलेल्या माणसाला गावात निराळा मान मिळतो. "डायरेक्ट मोरबी" हे दोन शब्द तात्या आता टाइल्सखेरीज इतर गोष्टींतही वापरतात. जावई कुठला केला, याचे उत्तरही परवा तसेच निघता निघता राहिले.

बियाण्याची उगवण नीट झाली नाही तर हाच माणूस बिल, पिशवी आणि सुकलेले रोप घेऊन कृषी कार्यालयात ठाण मांडतो. दुधात पाणी आहे का हे बोटावर थेंब घेऊन सांगतो. आणि फरशीला मात्र "हुबेहूब आहे" म्हणून जादा पैसे मोजतो. हे मी एकदा बोलून दाखवले. तात्या काही बोलायच्या आत त्यांचा शिक्षक भाचा सरसावला. "लेण्याद्रीला गणपतीच्या शेजारच्या चैत्यगृहात कधी मान वर करून बघितलंय का? छताला वाशांसारख्या कमानी आहेत. सगळा कातळ. लाकडी छताची नक्कल दगडात कोरलीय, तीही जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी." मुद्दा बिनतोड होता. तेव्हापासून तात्या पाहुण्यांना "ही आपल्या जुन्नरची परंपरा हाय" असे सांगतात आणि तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यासारखा सुस्कारा टाकतात.

बसवायचे काम सुरू झाले तेव्हा तात्यांनी शेत सोडून मिस्त्रीशेजारी मुक्काम ठोकला. लांब टाइल मधे किंचित उचललेली असते. म्हणून विटांसारखा सांधा बरोबर मधोमध घेतला तर एकीचा उंचवटा दुसरीच्या कडेशी येतो आणि पायाला ठेच लागते. सांधा तिसऱ्या हिश्श्यावर घ्यायचा. हे मिस्त्रीला माहीत होतेच, पण तात्यांनी व्हिडिओ पाहिला होता, त्यामुळे ते रोज नव्याने सांगत. संध्याकाळी नाणे घेऊन एकेक टाइल वाजवायची, पोकळ आवाज आला की खडूने फुली. मिस्त्री साताऱ्याकडचा, शांत माणूस. तो फुल्या पुसायचा.

सगळे झाल्यावर तात्यांना गाठ सापडली. लाकडात असते तशी डोळ्याएवढी गाठ, सोफ्याजवळ. मग तीच टीव्हीखाली. तीच देवघरापाशी. छपाईचे नमुने मोजकेच असतात, फिरून तेच येतात. दोन दिवस तात्या जेवले नाहीत. आता तिन्ही गाठींवर पायपुसणी आहेत आणि हॉलमधून जाताना पाहुण्यांना विनाकारण तीनदा पाय पुसावे लागतात.

शेजारच्या बंगल्यात मुलगा हिंजवडीला नोकरीला. त्याने वडिलांसाठी खरे लाकूड नाही, पण लाकडाच्या भुशाचे लॅमिनेट टाकले, एकमेकांत खटकन बसणाऱ्या पाट्यांचे. घरातल्या बाईने सवयीने बादलीभर पाणी ओतून पुसले. आषाढ सरता सरता पाट्या सांध्यांवर फुगल्या. तात्या सांत्वनाला गेले आणि अर्धा तास थांबले. इतका वेळ ते मयतीलाही थांबत नाहीत.

या भागात बिबट्याची गोष्ट सांगितल्याशिवाय कुणाची कुठलीच गोष्ट पुरी होत नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, बाहेरचे उसात असतात. एका पावसाळी रात्री एक बिबट्या तात्यांच्या पोर्चमध्ये कुत्र्याच्या शोधात फिरून गेला. कॅमेऱ्यात सगळे आले. तात्या आता आल्यागेल्याला तो व्हिडिओ दाखवतात, आणि बघणाऱ्याचा श्वास अडकलेला असताना स्क्रीनवर बोट ठेवतात: "हितं बघा. पाय वले हायेत जनावराचे. वळला कसा झटक्यात! घसरला का? अँटिस्किड."

राहायचे म्हणाल तर बंगल्यात कुणी राहत नाही. जेवण मागच्या पडवीत, झोप पडवीत, कांद्याची निवड पडवीत, वादही तिथेच. आईने तर पहिल्याच दिवशी गोठ्याशेजारची शहाबादी धुऊन आपला बिछाना टाकला.

परवा तात्या मला येडगावच्या धरणाकडेला एका पुणेकर साहेबांच्या फार्महाउसवर घेऊन गेले. साहेबांना टोमॅटोच्या शेतीचा सल्ला हवा होता. दिवाणखान्यात काळपट, रुंद, खिळ्यांच्या भोकांचे फळे जमिनीला जडवलेले. साहेब कौतुकाने सांगत होते: जुन्या वाड्याचे सागवान, शंभर वर्षांपुढचे, मुंबईतल्या जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून महागात मिळवले, मूळ म्हणे इकडलेच कुठले तरी. तात्या उकिडवे बसले. खिशातून नाणे काढले. एक फळा वाजवला, दुसरा वाजवला, एका खाचेवरून अंगठा फिरवला आणि जरा वेळ तिथेच ठेवला. मग उठून गुडघे झटकले.

"रंग सारखा नाय आला, साहेब," ते म्हणाले. "तुम्ही मोरबीला का नाय गेला?"