नामवंतांची शाळा

शाळेत शिक्षक कशाला हवेत, हा प्रश्न ब्रिटनच्या चॅनल फोरने 2011 साली एकदाचा निकालात काढला. सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत गटांगळ्या खाल्लेली वीस मुले जमवली आणि ‘जेमीज ड्रीम स्कूल’मध्ये बसवली. कल्पना प्रख्यात बल्लवाचार्य जेमी ऑलिव्हर यांची. शिकवणारा नामवंत असला की झाले, अध्यापनाच्या पदविकेची कटकट नाही. विज्ञानाला लॉर्ड विन्स्टन, राजकारणाला टोनी ब्लेअर यांचे माजी प्रसिद्धीप्रमुख. इतिहासाच्या डेव्हिड स्टार्कींनी तर एका मुलाच्या लठ्ठपणावरच शेरा मारला. पोरानेही उधारी ठेवली नाही. साध्या शाळेत अशाने पालकांना चिठ्ठी जाते. इथे एपिसोड झाला!

एवढ्या थोर तत्त्वाला शाळेपुरते कोंडून ठेवणे अन्यायाचे. ऑलिव्हर यांच्या हॉटेलांतला भटारखाना वीस वर्षे बीजगणित शिकवलेल्या एखाद्या बाईंकडे सोपवावा. पास्ता करपलाच, तर ‘गिऱ्हाईक हुशार आहे, पण लक्ष देऊन खात नाही’ असा शेरा बिलावर मारता येईल.

अडचण एवढीच, की त्यांची ब्रिटनमधली बहुतेक हॉटेले 2019 साली बंद पडली. तीही बाईंच्या मदतीशिवाय.