टायची गाठ आणि २७५ गुण

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत लेखी मुख्य परीक्षेला १७५० गुण आणि मुलाखतीला २७५. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये हे गणित तोंडपाठ असतं. तरीही मुख्य परीक्षेचा निकाल लागला, की पहिली धाव शिंप्याकडे!

मग मतमतांतरं. एक सर फिकट निळ्या शर्टाचे, दुसरे पांढऱ्याखेरीज काही ऐकून घेत नाहीत. मुलींना सल्ला सुती साडीचा: काठ बारीक, पदर पिनेने पक्का. वर्षानुवर्षं चपलेत वावरलेले पाय ऐन वेळी काळ्या चामडी बुटांत कोंबले जातात आणि दिल्ली गाठेपर्यंत टाचेला फोड येतो.

मुलाखतीत काय जोखायचं, हे आयोगाने अधिसूचनेतच सांगितलंय: बौद्धिक तल्लखपणा, तर्कशुद्ध मांडणी, समतोल निर्णय, नेतृत्व, सचोटी. टायच्या गाठीचा उल्लेख नाही.

शाहजहान रोडवर आयोगाच्या धोलपूर हाउसमध्ये मुलाखत मंडळापुढे असतो तो उमेदवाराने स्वतः भरलेला अर्ज. बरेच प्रश्न निघतात ते त्यातूनच. छंदाच्या रकान्यात ‘गिर्यारोहण’, आणि त्याला आधार काय, तर सिंहगडावरची पिठलं-भाकरी! तिथून सुटका झाली, की गाडी गावाकडे वळते. शेतकऱ्याचा मुलगा ना? मग सोयाबीनचा यंदाचा हमीभाव किती?

उमेदवार कोटाच्या बटणाशी चाळा करत छताकडे पाहतो. कोट झकास बसलेला असतो. त्याची शिलाई वडिलांनी सोयाबीन विकूनच दिलेली असते.