गोडव्याची माळ

जुलै 2025 मध्ये, भर पावसात, आमच्या रायगडातल्या कोर्लईच्या समुद्रात रडारवर एक ठिपका दिसला. 1993 साली शेखाडीला स्फोटकं उतरली तेव्हापासून आमचा किनारा पोळलेला. ठिपक्याची संशयित बोट व्हायला कितीसा वेळ लागणार? पोलीस, तटरक्षक दल, सगळे धावले. शेवटी कळलं, तो मच्छीमारी जाळ्याचा, वाहत आलेला पाकिस्तानी बोया. या फसगतीला मी हसत नाही. समुद्राच्या बाबतीत भिऊन धावलेलं बरं.

कांद्याच्या बाबतीत कोणी फसलं तर मात्र एवढी उदारता जमत नाही.

अलिबागचा पांढरा कांदा गोड असतो, हे पुण्याच्या आमच्या भाऊजींच्या जिभेला कांदा चाखण्याआधीच ठाऊक असतं. 2022 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर तो त्यांना आणखीच गोड लागतो. (शेत तेच, कांदा तोच. सरकारी कागदात साखर असावी.) पण हा कांदा भातानंतर लावतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी काढतात आणि भाऊजी येतात दिवाळीत. तोवर अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळ्याच्या कांद्याच्या माळा संपलेल्या. म्हणून यंदा बाजारातला कुठलासा पांढरा कांदा आणला, जुन्या माळेच्या वाळक्या पातीत सुतळीने बांधला आणि खिडकीला टांगला.

भाऊजींनी बुक्कीने कांदा फोडला. पहिल्याच घासाला डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"वा! काय गोडवा आहे!" ते नाक पुसत म्हणाले.

"अहो, मग रडताय का?" ताईने विचारलं.

"सोलकढीत मिरची जास्त झालीय."

त्यांचा तरी काय दोष? 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्समधल्या बोर्दोच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग मिसळून दिला होता. वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या त्या मंडळींनी तिच्यात लाल वाइनचे गंध शोधून काढले. आमचे भाऊजी तर बँकेतून निवृत्त.

मार्चमध्ये मी कार्ल्याच्या शेतावरून खराखुरा कांदा घेऊन पुण्याला पाठवला. वाटेत माळ तुटली, कांदे पिशवीत सुटे पोचले. रात्री भाऊजींचा फोन.

"कांदा मिळाला रे. बरा आहे. पण दिवाळीतल्याची सर नाही. तू दुकानदार बदल."