आडवा गडी

अमेरिकन फुटबॉलमध्ये 'टॅकल' नावाची एक जागा असते. तिथल्या गड्याचा चेंडूशी संबंध बेताचाच. समोरून येईल त्याला अंगानं अडवायचं, जमलं तर मातीत लोळवायचं, एवढंच त्याचं काम. खेळ संपला की बाकीचे ही जागा मैदानावर सोडून येतात. हॅमिल्टन फिश ती घरी घेऊन आले.

सहा फूट चार इंचांचा हा पुरुष हार्वर्डकडून खेळला आणि १९०८ व १९०९ अशी दोन वर्षं देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंत मोजला गेला. तेव्हाचा खेळही असा रानटी, की १९०५ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली होती.

राजकारणात शिरताना दारावरची पाटीही बदलावी लागली नाही. आजोबा हॅमिल्टन फिश हे अध्यक्ष ग्रँट यांचे परराष्ट्रमंत्री. वडील हॅमिल्टन फिश अमेरिकी संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, सदस्य. मुलगाही हॅमिल्टन फिशच, आणि तोही काँग्रेसमध्ये. मतदारानं एकच नाव पाठ केलं की पिढ्यान्‌पिढ्या पुरे!

पहिल्या महायुद्धात ते हार्लेमच्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीत कॅप्टन होते. १९२० मध्ये काँग्रेसमध्ये गेले; अज्ञात सैनिकाच्या समाधीचा ठरावही त्यांचाच. इथवर माणूस सोळा आणे. पण मग आतला टॅकल जागा झाला. १९३० मध्ये कम्युनिस्टांचा माग काढणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. पुढे तर नशिबानं समोर गडीच असा दिला, की विचारू नका. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं हाइड पार्क हे गाव नेमकं फिश यांच्या मतदारसंघात. अख्ख्या देशाचा अध्यक्ष, आणि त्याच्याच गावचा प्रतिनिधी त्याचा हाडवैरी! रूझवेल्ट यांच्या 'न्यू डील' या आर्थिक कार्यक्रमाला फिश आडवे, युरोपच्या युद्धात पडायला फिश आडवे. १९३९ च्या ऑगस्टमध्ये शांततेसाठी म्हणून युरोपात गेले, हिटलरच्या परराष्ट्रमंत्र्याला, रिबेनट्रॉपला भेटले आणि त्याच्याच विमानातून ऑस्लोला उतरले. समोरच्याला अडवण्याच्या नादात आपण कुणाच्या खांद्याला खांदा लावून उभे आहोत, हे यांनी वळून पाहिलं नाही. माझ्या मते त्यांची खरी चूक ती.

रूझवेल्टही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. १९४० च्या प्रचारात त्यांनी तीन विरोधकांची नावं एका तालात ओवली: 'मार्टिन, बार्टन अँड फिश'. थोड्याच वेळात पुढचं नाव गर्दीच घेऊ लागली. नावात असा ठेका असणं हा काही गुन्हा नव्हे, पण शिक्षा मात्र झाली.

फिश यांचा वाढदिवस ७ डिसेंबर. १९४१ साली त्याच दिवशी जपाननं पर्ल हार्बरवर बाँब टाकले. दुसऱ्या दिवशी सभागृहात उभं राहून त्यांनी युद्धाला पाठिंबा दिला. निदान त्या दिवशी तरी ते रूझवेल्टना आडवे गेले नाहीत.

१९४४ मध्ये मतदारसंघाच्या सीमा बदलल्या आणि ते पडले. पुढच्याच वर्षी रूझवेल्ट वारले. दुसरा कुणी असता तर शिट्टी वाजली म्हणून घरी गेला असता. यांनी सत्त्याऐंशीच्या घरात, १९७६ मध्ये, रूझवेल्टविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. नव्व्याण्णवाव्या वर्षी चौथं लग्न केलं. १९९१ मध्ये गेले तेव्हा वय होतं १०२.

त्यांचा नातू, अर्थात हॅमिल्टन फिश, अमेरिकेतल्या डाव्यांच्या 'द नेशन' या साप्ताहिकाचा प्रकाशक झाला.