गुठळीबाई, आपले आभार मानावे तेवढे थोडेच

श्रीमती रक्ताच्या गुठळीबाई यांस,
मुक्काम : आधी पोटरी, सध्या फुफ्फुस

सा. न. वि. वि.

आमच्या भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात ते हंगामापुरते. आपण मात्र बारमाही कृपा ठेवता, याबद्दल प्रथम आभार.

आपला साधेपणा तर वाखाणण्याजोगा. पाय प्लास्टरमध्ये असो, बाळंतपण असो, कॅन्सर असो की मोठ्या ऑपरेशननंतरचं अंथरूण. आपण पायाच्या शिरेत गुपचूप बिऱ्हाड थाटता. एकच पाय सुजतो, तर आम्ही मुका मार समजून तेल चोळतो. आपली एवढी सेवा कोण करील?

तिथून सुटून आपण हृदयामार्गे फुफ्फुसात पोचता, तेही वेशांतर करून. अचानक दम लागतो, खोल श्वास घेताना छातीत कळ येते आणि आम्ही म्हणतो, 'गॅस झालाय.' कार्डिओग्राम आणि एक्स-रेत आपण पुष्कळदा ठळक खूणही ठेवत नाही. केवढा हा विनय!

माझ्या मावसभावाला दवाखान्यातून ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं, तेव्हा आपण किती सुखावला असाल! नाडी धावत होती, ऑक्सिजन उतरत होता, पाय सुजला होता. या तिन्ही गोष्टी कुणी एकत्र पाहिल्या नाहीत, हे आपलं भाग्य. सीटी अँजिओग्राफीने आपला पत्ता लागला, तोवर त्याचे ओठ निळे पडले होते.

लहानमोठा हा भेदही आपण मानत नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला आपण 2011 मध्ये गाठलंत. 2017 मध्ये बाळंतपणानंतर दम लागताच तिने स्वतःच सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करणारं हेपारिन मागितलं. तरी आधी पायांची सोनोग्राफी झाली. आपण सापडलात तिने मागितलेल्या सीटी स्कॅनमध्येच.

आपला माग जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांनी 1846 मध्येच काढला होता. रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी आपल्या तावडीतले जीव वाचतात, हे 1960 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत दिसलं. आम्हीच आपली भीड धरून बसलो, क्षमस्व.

आता एकच विनंती. यापुढे इथे कुणाला अचानक दम लागला, तर आम्ही 108 ला फोन करू आणि डॉक्टरांना आपलं नाव घेऊनच विचारू, 'फुफ्फुसात गुठळी तर नाही?' आपण सापडलात, तर औषध किमान तीन महिने चालेल आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत एक गोळीही चुकणार नाही. राग मानू नये.

कळावे. लोभ पुरे.

आपल्याला पुरता ओळखून असलेला,
एक भिगवणकर