विद्यापीठासमोरचा एकमेव वाचक

आमच्या गावच्या विद्यापीठाच्या फाटकासमोर झेरॉक्स, टायपिंग आणि बायंडिंगच्या दुकानांची रांग आहे. त्यातलं तिसरं दुकान अण्णांचं. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, सहा प्रती, उद्या संध्याकाळी या. गेली तीस वर्षं अण्णा पीएचडीचे प्रबंध बांधतात आणि बांधता बांधता वाचतात. गाईड सही करतो, बाहेरून आलेले तज्ज्ञ व्हायवाला जेवून जातात, ग्रंथालय नोंद करून कपाटाला कुलूप घालतं. वाचणारे एकटे अण्णाच. पानांचे क्रमांक जुळतात का, ते बघायला म्हणून त्यांनी सुरुवात केली होती. पुढे खोड जडली.

परवा गेलो तर दुकानात दरपत्रक बदललेलं. ‘शुद्धलेखन तपासणे, पानी ५ रुपये’ या जुन्या ओळीखाली ताज्या स्केचपेनने लिहिलं होतं: ‘अशुद्धलेखन करून देणे, पानी ८ रुपये’.

“अण्णा, हे काय?”

“मागणी आहे, साहेब. पोरांचं लिखाण एकाएकी फार शुद्ध यायला लागलं. इतकं शुद्ध की गाईडलाच घाम फुटतो. मग आम्ही मधूनमधून ऱ्हस्वाचं दीर्घ करतो, एखादं वाक्य क्रियापदावाचून सोडून देतो. माणसानं लिहिल्यासारखं दिसतं.”

“पण चूक करायला तीन रुपये जास्त?”

“सुधारायला नियमांचं पुस्तक असतं. चुकायला डोकं लागतं.”

हा धंदा मला आधी चेष्टेचा वाटला. मग आठवलं, की चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनेच यंत्राचं लिखाण ओळखणारं एक यंत्र काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या शंभर मजकुरांपैकी २६ त्याला ओळखता आले, आणि माणसांनी लिहिलेल्या शंभरांपैकी ९ त्याने यंत्राच्या खात्यावर टाकले. जुलै २०२३ मध्ये ते बंद पडलं. आपल्याकडे मात्र असल्या यंत्रांनी काढलेला टक्का अजूनही रक्तातल्या साखरेसारखा गंभीरपणे वाचला जातो.

टक्क्यांचं वेड तसं जुनंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लिखाणाशी दहा टक्क्यांपर्यंत साधर्म्य असेल तर दंड नाही. नियम करणाऱ्यांना वाटलं असेल, लोक आता स्वतःचं लिहितील. लोकांनी शब्द बदलले. हा उद्योग जगभर चालतो. फ्रान्समधले संशोधक गियोम काबानाक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये छापील शोधनिबंधांतून असे हाल हाल केलेले शब्दप्रयोग गोळा केले. नक्कल पकडली जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअरकडून प्रतिशब्द घातलेले. मराठीत आणायचे तर स्तनाच्या कर्करोगाचं झालं होतं ‘वक्षःसंकट’, मूत्रपिंड निकामी होण्याची झाली होती ‘मूत्रपिंडाची निराशा’ आणि खुद्द कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘बनावट जाणीव’. हे सगळं शास्त्रीय नियतकालिकांत रीतसर छापून आलेलं. मूत्रपिंड निराश झालेलं एकाही परीक्षकाला खटकलं नाही.

मराठी प्रबंधांना एवढीही मेहनत लागत नसे. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी आतून इंग्रजी कळांची खिचडी असतं, त्यामुळे नक्कल शोधणाऱ्या यंत्रापुढे ठेवलं की साधर्म्य शून्य. “आमच्याकडे एकाचा प्रबंध अख्खा दुसऱ्याचा होता, पण रिपोर्ट असा स्वच्छ की फ्रेम करून लावावा,” अण्णा सांगतात. आणि ‘हा प्रबंध माझा स्वतःचा असून कोठूनही उतरवलेला नाही’ हे प्रतिज्ञापत्र? त्याची अण्णांच्या संगणकात २००९ पासून एकच फाईल आहे. फक्त नाव आणि तारीख बदलायची. त्यांच्या मते प्रबंधात अस्सल स्वतःचं काही असेल तर तो ऋणनिर्देश. त्यात गाईडच्या आधी गाईडच्या सौभाग्यवतींचे आभार मानले असले, की घरचा भाजीपाला कोण आणत होतं ते कळतं. यूजीसीच्या तपासणीतून नेमका तोच वगळलेला.

वाचण्यावरून आठवलं. जीवाणूंवरच्या एका नियतकालिकातला १९५९ चा लेख पुढे स्कॅन झाला. दोन रकान्यांचं पान. यंत्राने ते आडवं वाचलं. एका रकान्यातला ‘व्हेजिटेटिव्ह’ शेजारच्या रकान्यातल्या ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ला जाऊन चिकटला. वर्तमानपत्रात श्रद्धांजलीची ओळ संपायच्या आत शेजारची ‘वधू पाहिजे’ सुरू व्हावी, तसं. त्यात फारसीत खऱ्या पद्धतीच्या नावातला ‘स्कॅनिंग’ आणि हा ‘व्हेजिटेटिव्ह’ या शब्दांत एका नुक्त्याचा फरक, म्हणजे भाषांतरातही तीच ठेच लागायची सोय. अशी जगात नसलेली एक सूक्ष्मदर्शनाची पद्धत जन्माला आली, वीसहून अधिक शोधनिबंधांत वापरली गेली, आणि आता भाषेची यंत्रंही ती शिकून बसली आहेत. इतके जण ती वापरून निष्कर्षापर्यंत पोचले, पण तसलं उपकरण कोणाच्या प्रयोगशाळेत कुठल्या टेबलावर आहे, हे विचारायला कोणी गेलं नाही.

मार्च २०२४ मध्ये तर एल्सव्हिअर या बड्या प्रकाशनाच्या एका नियतकालिकातल्या निबंधाची सुरुवातच ‘जरूर, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाच्या वाक्याने झालेली लोकांना दिसली. आतल्या कुठल्या पानावर नव्हे, प्रस्तावनेचं पहिलं वाक्य. लेखक एकाहून अधिक, वर परीक्षक, संपादक. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजींनी पोथीच्या वेष्टनावरची किंमत वाचावी आणि यजमानांनी हात जोडून ‘तथास्तु’ म्हणावं, असा प्रकार.

यंत्र आलं आणि विद्या बुडाली, असं आता सेमिनारमधून ऐकू येतं (चहा, किट आणि प्रमाणपत्रासह). पण पुण्याच्या विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्येच ‘करंट सायन्स’मध्ये हिशेब मांडला होता. विद्यापीठांच्या शिफारशीने यूजीसीच्या यादीत शिरलेली १००९ नियतकालिकं त्यांनी तपासली, आणि ८८ टक्के सुमार निघाली. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. तोवरची चार वर्षं आपण हातानेच भागवत होतो. बढतीसाठी पेपर मोजायचे असतात, आणि मोजायला वाचावं लागत नाही. कांदे मोजणारा प्रत्येक कांदा चाखत नाही.

नैतिकतेच्या नियमांत मला मनापासून आवडलेला एकच आहे. प्रकाशन-नीतीची आंतरराष्ट्रीय समिती ‘कोप’ हिने २०२३ मध्ये सांगितलं, की यंत्राला लेखक म्हणून नाव लावता येणार नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. मी हा नियम अण्णांना वाचून दाखवला. ते बराच वेळ सुतळी ओढत राहिले. मग म्हणाले, “हा गाईडलाही लागू आहे का, साहेब?”

मी म्हटलं, तेवढं समितीने स्पष्ट केलेलं नाही.

“आणि चेअरमनसाहेबांच्या मेहुण्याला? त्यांचं नाव दर पेपरात तिसरं असतं.”

मी विषय बदलला आणि त्यांना पांढऱ्या शाईची गोष्ट सांगितली. जुलै २०२५ मध्ये जपानच्या ‘निक्केई’ने आठ देशांतल्या चौदा संस्थांमधून आलेले सतरा शोधनिबंध शोधून काढले. त्यांत पांढऱ्या पानावर पांढऱ्या किंवा मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना दडवलेल्या होत्या, की चांगलंच परीक्षण लिही, उणिवा काढू नकोस. माणसाला दिसू नये, पण परीक्षकाने वाचायचं काम यंत्राला दिलं असेल तर त्याने वाचावं. पकडले गेल्यावर काहींचं म्हणणं, की आळशी परीक्षकांना पकडण्यासाठीच तो सापळा होता.

अण्णा हसले. “अहो, दहावीची पोरं उत्तरपत्रिकेला शंभराची नोट टाचून ‘सर, लग्न ठरलंय, पास करा’ लिहितात, तेच की हे. फक्त नोट दिसत नाही.” मग जरा गंभीर होऊन म्हणाले, “म्हणजे लिहिणारं यंत्र, तपासणारं यंत्र, आणि मध्ये चिठ्ठी यंत्राच्या नावाने. मग माणूस नेमका कशाला?”

“फी भरायला,” मी म्हटलं.

इतक्यात एक सर घाईघाईने आले. व्हायवाची तारीख लागलेली, प्रती आजच हव्या होत्या. अण्णांनी गठ्ठ्यातून एक पान अलगद ओढलं.

“सर, पान १८७. शेवटची ओळ बघा. ‘हे प्रकरण आणखी विस्ताराने लिहून देऊ का?’ असं आलंय. काढून टाकू?”

सरांनी चष्मा कपाळावर चढवून ओळ वाचली. मग गठ्ठ्याची जाडी बोटांनी चाचपली.

“एकूण पानं किती भरली?”

“दोनशे नव्वद.”

“तीनशे लागतात,” सर म्हणाले. “त्याला ‘हो’ म्हणा.”